पार्श्वभूमी : टॅक्सी आली, शेवटच्या बसचे काय?

रस्ता बायकांसाठी कितपत सुरक्षित आहे हे तिथून रोज जाणाऱ्या बायकांनीच चालून तपासायचे, ही पद्धत १९८९ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत सुरू झाली. दिवे लागतात का, आडोसे कुठे आहेत, हाकेच्या अंतरावर माणसे असतात का, असे साधे प्रश्न. दिल्लीत ती बरीच नंतर आली आणि डिसेंबर २०१२ नंतर मोबाइलवर गेली. २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. सुरक्षित शहर प्रकल्पासाठी पुढे ८ महानगरे निवडली गेली; त्यात पणजी-मडगाव असणे शक्यच नव्हते.

गोव्यात हा विषय किनाऱ्यावरून आला. २००८ मध्ये हणजूणला एका ब्रिटिश मुलीचा मृत्यू झाला आणि तेव्हापासून सुरक्षा म्हटले की डोळ्यांसमोर पर्यटक येऊ लागली. २०१४ ची महिला टॅक्सी त्याच वळणाची. चालक बाई, प्रवासी बाई किंवा कुटुंब. बायकांच्या हाती स्टीअरिंग आले आणि रात्री विमानतळावर उतरणारीला आधार मिळाला, हे समर्थकांचे म्हणणे खोटे नाही. पण वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाची पाळी संपवून निघालेली मुलगी टॅक्सी करत नाही, ती बसची वाट बघते. खासगी बसगाड्या रात्री आठनंतर विरळ होतात. मग पायलट म्हणजे भाड्याची मोटारसायकल, नाहीतर घरून भाऊ स्कूटर घेऊन येणार. भाऊ मोकळा नसेल तर नोकरीच सोडायची, हाही तोडगा घराघरांत निघतो. वेगळी गाडी दिली की थांबा आणि रस्ता आहे तसा ठेवायला सरकार मोकळे होते, हा आक्षेप म्हणूनच जास्त वजनदार वाटतो. पुढे महिला पोलिसांचे पिंक फोर्स आले, ११२ क्रमांक आला. दोन्ही कामाचे, पण मदत मागायची वेळ आल्यानंतरचे.

रस्ता चालून तपासायची ती पाहणी बहुतेक अंधार पडल्यावरच करतात. आपल्याकडे मात्र दुपारी एक ते साडेतीन बाजार झोपलेला असतो. पणजीत अठरा जून रस्त्यामागच्या गल्ल्यांत शटर खाली, चिटपाखरू नाही, आणि शाळा सुटतात नेमक्या तेव्हाच. संध्याकाळी कोपऱ्यावर रस-आमलेटचा गाडा लागला, चार गिऱ्हाइके उभी राहिली की तीच गल्ली बिनधास्त ओलांडता येते. गोव्यात फेरी काढायची तर एक दुपारी दोनला हवी, दुसरी शेवटची बस गेल्यावर.