सामोआची चटई नारळाच्या झावळ्यांची नव्हे

पॅसिफिक बेटांवरची चटई म्हणजे नारळाच्या झावळ्यांची, जमिनीवर अंथरायची, हा समज जुनाच. विकणारेही सर्रास तसंच सांगतात. झावळ्यांच्या चटया तिथे आहेत, पण त्या जाड्याभरड्या, रोजच्या वापराच्या. सामोआची मानाची 'इए तोगा' विणतात ती केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या पानांची. कोकणात केवडा तोडताना हात ओरबाडून निघालेल्यांना या पानांची धार सांगायला नको! काटे काढायचे, पानं उकळायची, उन्हात वाळवायची, मग जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढायच्या. विणलेलं अंग कापडासारखं मऊ पडतं, कडेला लाल पिसं. एकेका चटईला कित्येक महिने, कधी वर्षंही लागतात.

तिच्यावर कोणी बसत नाही. लग्नात, मयताला, सरदारकीची पदवी देताना ती भेट दिली जाते. गंभीर गुन्ह्याची माफी मागताना तर अपराध्याच्या बाजूचा माणूस हीच चटई अंगावर पांघरून पीडिताच्या दारात बसतो. २०१९ मध्ये युनेस्कोने या कलेला वारसायादीत घेतलं.

तेव्हा 'अस्सल सामोअन' म्हणून कोणी जाड, स्वस्त चटई पुढे केली, तर आधी पट्टीची रुंदी बघा. पिसं मात्र आता बहुधा रंगवलेली कोंबडीची असतात, त्यावरून नकली ठरवू नका.