स्पेशल्स, द

(स्थापना १९७७, मूळ संचाचे विघटन १९८१). इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरातील पॉप बँड. जमैकाचा ‘स्का’ हा नृत्यताल आणि १९७६ नंतरचा इंग्लिश ‘पंक’ (वेगवान, खडबडीत रॉक संगीत) यांची सांगड घालून वंशद्वेष, बेकारी आणि शहरांची पडझड हे विषय या बँडने नाचाच्या गाण्यांत आणले. ‘टू टोन’ हे ध्वनिमुद्रिकांचे लेबल आणि त्याभोवती उभी राहिलेली चळवळ ही त्याची दुसरी ओळख. १९७९ ते १९८१ या जेमतेम दोन वर्षांत बँडच्या सात सिंगल (एका प्रमुख गाण्याच्या छोट्या) ध्वनिमुद्रिका ओळीने खपाच्या ब्रिटिश यादीच्या पहिल्या दहांत आल्या. त्यांतील दोन अग्रस्थानी पोचल्या. दुसरी अग्रस्थानी असतानाच बँड फुटला.

पार्श्वभूमी व सदस्य : कॉव्हेंट्री हे मोटारी आणि यंत्रहत्यारे बनवणारे शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटे, आयर्लंड आणि पंजाबातून कामगार तेथे येत राहिले. भारतीय मजुरांची ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’ तर १९३८ मध्येच या शहरात स्थापन झाली होती. १९७० च्या दशकात कारखाने मंदावले आणि १९८० मध्ये कॅन्ली येथील ट्रायम्फ मोटारींची जुळणी थांबली. नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष याच सुमारास गोऱ्या तरुणांत पाय रोवू पाहत होता, तर त्याच्या विरोधात १९७६ पासून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही मोहीम संगीताचे कार्यक्रम घेत होती.

बँडचा संस्थापक, ऑर्गनवादक व मुख्य गीतकार जेरी डॅमर्स याचा जन्म १९५५ मध्ये दक्षिण भारतातील उटकमंड (उटी) येथे झाला; वडील ख्रिस्ती धर्मगुरू होते. लहानपणीच तो इंग्लंडला गेला. कॉव्हेंट्रीच्या लँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये कलेचे शिक्षण घेताना त्याची होरेस पँटर (बेस गिटार) याच्याशी गाठ पडली. लिन्व्हल गोल्डिंग (गिटार) आणि नेव्हिल स्टेपल हे दोघे जमैकात जन्मलेले. रॉडी बायर्स (मुख्य गिटार) आणि टेरी हॉल (गायन) पंकमधून आले. जॉन ब्रॅडबरी (ड्रम) सर्वांत शेवटी सामील झाला. स्टेपल मुळात सामान वाहणाऱ्या चमूत होता. ध्वनिनियंत्रणाच्या टेबलापाशी उभा राहून तो माइकवर ‘टोस्टिंग’, म्हणजे तालावरची लयबद्ध बोलणी, करू लागला आणि तेथून रंगमंचावर आला. हॉलचा थंड, निर्विकार आवाज आणि त्याला भिडणारी स्टेपलची हाक ही जोडी बँडच्या गायनाचा कणा ठरली. जमैकन संगीतातील ज्येष्ठ ट्राँबोनवादक रिको रॉड्रिगेझ आणि त्याच्या जोडीला फ्लुगलहॉर्न (तुतारीच्या जातीचे वाद्य) वाजवणारा डिक कथेल हे औपचारिक सदस्य नसले, तरी ध्वनिमुद्रणांत त्यांचा वाटा मोठा आहे.

आरंभीचे नाव ‘द ऑटोमॅटिक्स’. त्याच नावाचा दुसरा बँड निघाल्याने ते ‘कॉव्हेंट्री ऑटोमॅटिक्स’ झाले. मग ‘द स्पेशल ए.के.ए.’ (‘उर्फ’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे) आणि अखेर ‘द स्पेशल्स’. ‘ए.के.ए.’ हे रूप पुढे पूर्णपणे नाहीसे झाले नाही आणि सूचींमध्ये त्यामुळे बराच घोटाळा होतो. पहिली सिंगल आणि १९८२ ते १९८४ मधील काम त्याच नावाने निघाले आहे.

स्काकडे वळण : बँड स्काकडे नेमका कशामुळे वळला, याविषयी एकमत नाही. ‘स्का’ या शब्दाची व्युत्पत्तीही तशीच वादग्रस्त आहे. गिटारच्या तुटक आघाताचे ते ध्वन्यनुकरण असावे, असे एक मत. बेसवादक क्लुएट जॉन्सन याच्या ‘स्कावूवी’ या अभिवादनाचा तो संक्षेप असावा, असे दुसरे. वादकांना एकमेकांना ताल तोंडी सांगावा लागे हे पाहता पहिले मत अधिक पटण्याजोगे आहे.

बँडपुरती प्रचलित कथा अशी : १९७८ मध्ये ‘द क्लॅश’ या बँडच्या दौऱ्यात पूर्वभागाचे वादन करीत असताना ब्रॅकनेल येथील कार्यक्रमात वर्णद्वेषी स्किनहेड (डोके तासलेल्या) तरुणांनी धुमाकूळ घातला, आणि या मुलांपर्यंत पोचायचे तर त्यांच्या मोठ्या भावंडांचे आवडते संगीतच हाती घेतले पाहिजे, असे डॅमर्सने ठरवले. (१९६० च्या दशकाअखेरीचे पहिले स्किनहेड जमैकन संगीतावर नाचत, हे येथे ध्यानात घ्यावे.) डॅमर्सने स्वतः ही घटना सांगितली असल्याने ती नाकारण्याचे कारण नाही. तरीही केवळ त्या एका रात्रीला सारे श्रेय देणे घाईचे होईल. वादनातील एक व्यावहारिक अडचण त्याआधीपासूनच होती आणि तिच्यावर स्काखेरीज फारसा उपाय नव्हता.

अडचण अशी. बँड सुरुवातीला एकाच गाण्यात रेगे हे जमैकन संगीत आणि पंक ही आळीपाळीने वाजवी. रेगेचा ठेका संथ असतो. त्याच्या ‘वन ड्रॉप’ या प्रकारात चार मात्रांपैकी पहिली रिकामी राहते आणि बेस ड्रमचा ठोका व स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवरचा आघात तिसऱ्या मात्रेवर एकत्र पडतात. आपल्या भाषेत सांगायचे तर समेवर काहीच वाजत नाही. पंकमध्ये उलट प्रत्येक मात्रा ठोकली जाते आणि लय जवळजवळ दुप्पट असते. एकातून दुसऱ्यात जाताना नाचणाऱ्यांचे पाऊल चुकते, मैदान थंडावते, आणि पुन्हा ताल पकडेपर्यंत अर्धे कडवे संपलेले असते. स्का हा रेगेचा पूर्वज. त्यातही गिटार आणि ऑर्गन दोन मात्रांच्या मधल्या जागेवर आघात करतात, पण लय जलद असते आणि बेस प्रत्येक मात्रेवर पाऊल टाकत चालतो. त्यामुळे पंकचा वेग आणि जमैकन झोका एकाच ठेक्यात बसतात; सांधा उरतच नाही. आधीचा ड्रमवादक सिल्व्हर्टन हचिन्सन रेगेकडे झुकलेला होता आणि या बदलाच्या सुमारासच तो बाहेर पडला, हेही या मताला पुष्टी देते. त्याच्या जागी आलेल्या ब्रॅडबरीने स्काचा जुना ठेका जसाच्या तसा न उचलता त्यात सोल संगीताची कडक, कोरडी स्नेअर घातली. स्पेशल्सचा ताल जुन्या जमैकन ध्वनिमुद्रिकांपेक्षा टणक वाटतो तो यामुळे.

लयीचा फरक किती निर्णायक होता, हे ‘टू मच टू यंग’ या गाण्याच्या दोन रूपांवरून कळते. अल्बमवर ते सुमारे ६ मिनिटांचे, संथ आहे. श्रोत्यांसमोर मुद्रित केलेले रूप जेमतेम २ मिनिटांत संपते आणि फेब्रुवारी १९८० मध्ये यादीच्या अग्रस्थानी गेले ते हेच.

टू टोन : पहिली सिंगल ‘गँगस्टर्स’ १९७९ मध्ये उसन्या घेतलेल्या सुमारे ७०० पौंडांत मुद्रित झाली. जमैकन गायक प्रिन्स बस्टर याच्या ‘अल कपोन’ या रचनेवर ती बेतलेली आहे. दुसऱ्या बाजूसाठी पैसे उरले नाहीत, तेव्हा कॉव्हेंट्रीच्याच नोएल डेव्हिस याने ब्रॅडबरीच्या साथीने १९७७ मध्ये करून ठेवलेले एक वाद्यसंगीत तेथे घालण्यात आले आणि त्याला ‘द सिलेक्टर’ असे नाव दिले. त्या नावाचा बँड नंतर जमवण्यात आला. म्हणजे ध्वनिमुद्रिका आधी, बँड मागाहून. पहिल्या खेपेच्या सुमारे ५,००० प्रतींच्या पाकिटांवर नावे हाताने रबरी शिक्क्याने उमटवली होती. ही सिंगल सहाव्या क्रमांकापर्यंत पोचली.

त्यानंतर क्रिसालिस या कंपनीशी करार झाला. बँडने स्वतःपुरता करार न करता टू टोन हे लेबलच मान्य करून घेतले, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. मुद्रण व वितरण क्रिसालिसकडे, निवड मात्र टू टोनची. आणि नव्या बँडला एका सिंगलनंतर हवे तिकडे जाण्याची मोकळीक. मॅडनेस आणि द बीट हे बँड याच वाटेने आले आणि गेले. तत्त्व म्हणून हे उदार होते, पण त्यात एक कच्चा दुवा होता. यशस्वी बँड निघून जात, आणि लेबलचे नाव, आकल्पन, निवड व जाहिरात यांचा भार स्वतः गाणी लिहून दौरे करणाऱ्या डॅमर्सवर राही.

काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी आणि काळा सूट, पांढरा सदरा, अरुंद टाय व टोपी घातलेला ‘वॉल्ट जॅब्स्को’ ही लेबलची खूण होती. वॉल्टचे रेखाटन वेलर्स या जमैकन गायकसंघाच्या आरंभीच्या अल्बमवरील पीटर टॉश याच्या छायाचित्रावरून केलेले आहे. काळे आणि गोरे एकत्र, हा अर्थ वेगळा सांगावा लागत नसे. कॉव्हेंट्रीतील मोठा पंजाबी समाज मात्र या दुरंगी चित्रात कोठेच नव्हता, ही उणीव नोंदवायला हवी.

पहिला अल्बम ‘स्पेशल्स’ ऑक्टोबर १९७९ मध्ये निघाला. निर्माता एल्व्हिस कॉस्टेलो याने बँड रंगमंचावर वाजतो तसाच मुद्रित करण्यावर भर दिला. त्यातील ‘अ मेसेज टू यू, रूडी’ हे डँडी लिव्हिंगस्टनचे १९६७ चे गाणे. मूळ ध्वनिमुद्रणातील ट्राँबोनही रिकोचाच होता.

कार्यक्रम व हिंसा : श्रोत्यांनी शेवटी रंगमंचावर चढून नाचणे हा कार्यक्रमाचा ठरलेला भाग झाला. त्यातून रंगमंच मोडणे, वाद्ये निकामी होणे, सुरक्षारक्षकांशी हाणामारी हे प्रकार वाढले. प्रेक्षकांत मारामारी जुंपली की बँड वादन थांबवी. ऑक्टोबर १९८० मध्ये केंब्रिज येथे असाच प्रसंग चिघळून हॉल आणि डॅमर्स यांना अटक झाली व दंडही भरावा लागला. त्याच वर्षी गोल्डिंगवर लंडनमध्ये वर्णद्वेषातून हल्ला झाला. त्यावर त्याने ‘व्हाय?’ हे गाणे लिहिले. हल्लेखोरालाच सरळ प्रश्न विचारणारे हे गाणे बँडच्या राजकीय रचनांत सर्वांत निरलंकार आणि, प्रस्तुत नोंदकारांच्या मते, सर्वांत धीराचे आहे.

दुसरा अल्बम आणि मतभेद : ‘मोअर स्पेशल्स’ (१९८०) कॉव्हेंट्रीच्या होरायझन स्टुडिओत मुद्रित झाला. डॅमर्सला आता हॉटेलांत व लिफ्टमध्ये वाजणारे गुळगुळीत पार्श्वसंगीत, यांत्रिक ताल आणि चित्रपटसंगीत खुणावत होते. बायर्सचा ओढा रॉक अँड रोलकडे; हॉल, स्टेपल व गोल्डिंग स्वतःची गाणी घेऊन येऊ लागले होते. सात जण एका खोलीत एकदम वाजवत, त्याऐवजी एकेकाचे वादन स्वतंत्रपणे मुद्रित करण्याची पद्धत याच अल्बमपासून रुजली. एकत्र वाजवताना चूक तेथल्या तेथे बोलून मिटते. सुटे वाजवताना अंतिम रूप एकाच्याच हाती राहते.

‘घोस्ट टाउन’ : हे गाणे एप्रिल १९८१ च्या सुमारास लेमिंग्टन स्पा येथील एका छोट्या स्टुडिओत, ८ ट्रॅकच्या (म्हणजे आठ आवाज वेगवेगळे साठवणाऱ्या) यंत्रावर मुद्रित झाले; त्या काळी नामवंत बँड सर्रास २४ ट्रॅक वापरत. निर्माता जॉन कॉलिन्स हा लंडनमध्ये घरच्या घरी रेगे मुद्रित करणारा होता. आठच ट्रॅक असल्याने कोणता आवाज कोणाबरोबर जाणार हे आधीच ठरवावे लागते. मागाहून निवडीला वाव राहत नाही. रचनेतील मोकळी, भकास जागा काही अंशी या मर्यादेतून आलेली आहे. कॉलिन्सने एकेक वाद्य सुटे घेतले आणि मिश्रण घरी नेऊन केले.

गाण्याच्या आरंभी ऑर्गनवर चढत जाणारे ‘डिमिनिश्ड’ स्वरसंघ आहेत. अशा स्वरसंघातील स्वर एकमेकांपासून सारख्याच, तीन-तीन अर्धस्वरांच्या अंतरावर असतात. त्यामुळे कोणताच स्वर षड्जासारखा आधार देत नाही आणि कान विसाव्याची जागा शोधत राहतो. खाली संथ रेगेचा ठेका, वर ट्राँबोन व फ्लुगलहॉर्न, आणि मध्ये शब्दांऐवजी सामूहिक विलाप. क्लब बंद पडत आहेत, काम नाही, लोक चिडले आहेत, एवढाच आशय. ग्लासगोमध्ये म्हाताऱ्या बायका घरातली भांडीकुंडी रस्त्यावर विकताना पाहिल्याची आठवण डॅमर्सने या गाण्यामागची एक प्रेरणा म्हणून सांगितली आहे.

जूनमध्ये ही सिंगल निघाली. जुलैच्या आरंभी लंडनमधील साउथॉल, लिव्हरपूलमधील टॉक्स्टेथ व इतर शहरांत दंगली उसळल्या, आणि ११ जुलैच्या यादीत गाणे अग्रस्थानी आले. तेथे ते तीन आठवडे राहिले. ते दंगलींवर लिहिले गेले, असे आजही अनेकदा छापले जाते. कालक्रम पाहता ते शक्य नाही. १९८० मधील ब्रिस्टल आणि एप्रिल १९८१ मधील ब्रिक्स्टन येथील उद्रेकांनी तयार झालेले वातावरण त्यात आहे, इतकेच म्हणता येईल. दरम्यान २० जून रोजी बँडने कॉव्हेंट्रीत वंशसौहार्दासाठी खुल्या मैदानात कार्यक्रम केला. त्याला निमित्त होते शहरात झालेल्या एका तरुण शीख विद्यार्थ्याच्या खुनाचे.

विघटन : मुद्रणाच्या वेळीच ताण टोकाला गेला होता; एका वादकाने स्टुडिओत लाथा घातल्याने मालकाने सर्वांना बाहेर काढण्याची धमकी दिली, असे डॅमर्सने सांगितले आहे. गाणे पहिल्या क्रमांकावर असताना, बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमाच्या कपडेपटात हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग यांनी आपण बाहेर पडत असल्याचे सांगितले. जाहीर घोषणा त्या वर्षीच्या ऑक्टोबरात झाली. पैशांची वाटणी, थकवा, दौऱ्यांतील हिंसा, संगीताविषयीचे मतभेद अशी अनेक कारणे सदस्यांनी वेळोवेळी दिली आहेत. राजकीय मतभेद त्यांत जवळजवळ नाहीत. समतेचा पुरस्कार करणाऱ्या बँडमध्ये अंतिम निर्णय एकाकडे एकवटले आणि इतरांच्या गाण्यांना जागा उरली नाही, हे स्पष्टीकरण सर्वांत सुसंगत वाटते. बाहेर पडलेल्या तिघांच्या ‘फन बॉय थ्री’ने महिनाभरातच पहिली सिंगल काढली, हेही बोलके आहे.

नंतरचे कार्य : डॅमर्स आणि ब्रॅडबरी यांनी ‘द स्पेशल ए.के.ए.’ या नावाने काम सुरू ठेवले. ‘इन द स्टुडिओ’ (१९८४) या अल्बमला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. नेमका सूर सापडेपर्यंत पुनःपुन्हा मुद्रण करण्याच्या सवयीने खर्च फुगला आणि नवा संचही विस्कटला. त्याच अल्बममधील ‘नेल्सन मंडेला’ हे गाणे मात्र नवव्या क्रमांकावर पोचले. मागणी तुरुंगातून सुटकेची, पण चाल उत्सवाची. वर्णभेदविरोधी सभांत ते सहज गाता येई. ११ जून १९८८ रोजी वेम्ब्ली येथे मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त झालेल्या कार्यक्रमामागील प्रेरणांत डॅमर्सचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

२००९ पासून बँड पुन्हा दौरे करू लागला. त्यात डॅमर्स नव्हता. ‘एन्कोर’ (२०१९) हा अल्बम अग्रस्थानी गेला. ब्रॅडबरी डिसेंबर २०१५ मध्ये आणि हॉल डिसेंबर २०२२ मध्ये निवर्तले. ‘टू मच टू यंग’च्या सिंगलची दुसरी बाजू कॉव्हेंट्रीच्या ज्या ‘टिफनीज’ नृत्यगृहात, म्हणजे पूर्वीच्या लोकार्नोत, मुद्रित झाली, त्या इमारतीत १९८६ पासून शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे.