गाईचा स्वभाव मोजायचा कसा?

सांगोला, माळशिरसकडच्या चार-पाच जनावरांच्या गोठ्यात कोणती गाय लाथ झाडते आणि कोणती परका माणूस दिसला की पान्हा चोरते, हे धार काढणाऱ्याला पाठ असते. शास्त्रही तेच सांगते. भित्रेपणा, कुतूहल, दांडगाई ही लक्षणे बऱ्याच अंशी टिकून राहतात आणि काही प्रमाणात वंशातूनही येतात.

भित्रेपणा मोजणे सोपे आहे. वैरणीची वेळ टाळा, कारण भुकेल्या गाईचे लक्ष माणसापेक्षा पेंढीकडे असते. गाय मोकळी असताना चार मीटरवरून, तिच्या खांद्याच्या रोखाने, सेकंदाला एक पाऊल टाकत हात पुढे करून जा. पाठीमागून जाऊ नका. तिला भोवतालचे सुमारे 330 अंशांतले दिसते, पण शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. नुसती मान वळवली तर चालत राहा. तिने पाय उचलला की थांबा आणि हातापासून तिच्या तोंडापर्यंतचे अंतर लिहा. अंतर जितके जास्त, तितकी गाय भित्री. त्याच माणसाने हे तीन वेगळ्या दिवशी करावे, एका दिवसाचा आकडा फसवतो. खिलारची तुलना खिलारशीच करा. ही जात मुळातच चपळ आणि तापट.

भीतीचा फटका थेट बादलीत दिसतो. कास धुतली की ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे पान्हा सुटतो, पण त्याचा जोर पाच-सात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात गाय बिचकली तर अ‍ॅड्रेनालिन हे भीतीचे संप्रेरक आड येते आणि दूध कासेतच राहते. पान्ह्याचे इंजेक्शन हा यावरचा उपाय नव्हेच, त्याने भीती जात नाही. अशा गाईला माणूस, वेळ आणि जागा रोज तीच हवी.

दांडग्या गाईचा त्रास मात्र तिच्या शेजारणीला होतो. चाळिशीपार गेलेल्या सोलापुरी उन्हात ती सावली आणि पाणी अडवते, कालवड तहानलेली राहते. पाण्याची दुसरी टाकी पहिलीपासून लांब ठेवा.

बाजारात कपाळावरचा भोवरा पाहून गाय पारखतात. भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली जनावरे अडकवल्यावर जास्त धडपडतात, असे 1995 च्या अमेरिकेतील अभ्यासात दिसले होते. पण हा ठोकताळाच. भोवऱ्यावरून गाय विकू नये.

आणि गरीब गाय एकाएकी लाथ मारू लागली, तर तिला द्वाड ठरवण्याआधी सडाला चीर आहे का, कास गरम किंवा घट्ट लागते का, ते बघा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर पिळा. गुठळ्या दिसल्या तर दगडी, म्हणजे कासदाह, समजा आणि त्याच दिवशी जनावरांचे डॉक्टर बोलवा.