नॉर्मलायझेशन: सीईटीतलं आणि चिपवरचं

कोल्हापुरात ‘नॉर्मलायझेशन’ म्हटलं की आधी सीईटी आठवते. सकाळचा पेपर अवघड, दुपारचा सोपा, मग गुण जुळवायचे कसे, यावर राजारामपुरीतल्या क्लासबाहेर पालकांचे वाद झडतात. पुढे बायोटेक्नॉलॉजीला गेलेली मुलं मायक्रोअ‍ॅरेचा, म्हणजे हजारो जनुकं किती सक्रिय आहेत हे ठिपक्याठिपक्याने एकदम मोजणाऱ्या चिपचा, जुना डेटा प्रोजेक्टला घेतात, तेव्हा हाच शब्द पुन्हा आडवा येतो. मराठीत त्याला कुणी ‘प्रसामान्यीकरण’ म्हणतं. त्याने घोटाळा वाढतोच, कारण प्रसामान्य वितरणाचा (घंटेच्या आकाराच्या वक्राचा) इथं काही संबंध नाही.

१९९५ च्या सुमाराच्या चिपांवर एक नमुना हिरव्या रंगात, दुसरा लाल रंगात. दोन्हींची सरासरी जुळवली की भागतं, अशी समजूत होती. पण रंगांमधला फरक ठिपक्याच्या तेजाप्रमाणे बदलतो, म्हणून २००२ मध्ये लोएस वक्राची (तेजानुसार वळत जाणाऱ्या रेषेची) दुरुस्ती आली. लाल रंग तर हवेतल्या ओझोननेही उडतो!

खरा वाद २००३ च्या क्वांटाइल पद्धतीचा. प्रत्येक चिपवरचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे, सगळ्या चिपांवरच्या त्या त्या क्रमांकाची सरासरी काढायची आणि मूळ आकड्याच्या जागी ती बसवायची. सगळ्या चिपांचं वितरण तंतोतंत एकच होतं. सीईटीच्या पर्सेंटाइलमागेही असंच गृहीतक आहे: दोन्ही सत्रांतली मुलं एकूणात सारखीच हुशार. चिपांवर गृहीत असतं की पेशींमधला एकूण आरएनए (जनुक सक्रिय असताना बनणारा रेणू, चिप तोच मोजते) सारखाच आहे, फरक मोजक्याच जनुकांत. पद्धत वेगवान आणि सोपी, म्हणून ती सवयीची झाली. गृहीतक मात्र कुणी वाचेना. २०१२ मध्ये दाखवून दिलं गेलं की सी-मिक जनुक जोरात असलेल्या पेशी एकूण आरएनएच दुप्पट-तिप्पट बनवतात. दुरुस्तीनंतर ती वाढ पुसली जाते, वर काही जनुकं उगाचच घटलेली दिसतात. पेशी मोजून त्या प्रमाणात परका (बाहेरचा, ठरावीक मापाचा) आरएनए आधीच मिसळला असेल, तरच हे पकडता येतं. माझ्या मते ही पायरी पहिल्यापासून सक्तीची हवी होती.

२००७ नंतर बॅचचा (एकत्र चालवलेल्या नमुन्यांच्या गटाचा) परिणाम काढून टाकणाऱ्या पद्धती रुळल्या. पण रुग्णांचे सगळे नमुने सोमवारी आणि निरोग्यांचे गुरुवारी चालवले असतील, तर कुठलंही सूत्र आजार आणि वार वेगळे करू शकत नाही.

सार्वजनिक साठ्यातून उतरवलेला तक्ता बहुधा आधीच दुरुस्त केलेला असतो. कुठला नमुना कुठल्या दिवशी चालवला हे बघायला स्कॅनची तारीख हवी, तर चिपच्या मूळ मोजमापांची कच्ची सीईएल फाइल उघडावी लागते. तारीख त्या फाइलच्या सुरुवातीच्या ओळींतच असते.