गलोल (ठाणे जिल्हा)

गलोल : लहान पक्षी टिपण्याचे हातातले साधन. बोलीत बेचकी. ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडच्या कातकरी, ठाकर पाड्यांवर ती ओळखीची. इकडच्या पोरांची भिस्त गलोलीवरच.

फारसीतून आलेला हा शब्द मुळात रबरी बेचकीचा नव्हे, धनुकलीचा. बांबूच्या कामठीला दोन समांतर दोऱ्या, मधे कापडाची किंवा कातड्याची चिंधी आणि तीत बाणाऐवजी मातीची गोळी. गोळी सोडताना धनुकली धरलेले मनगट किंचित बाजूला वळवावे लागते, नाहीतर गोळी स्वतःच्याच अंगठ्यावर बसते. आजची बेचकी म्हणजे पेरूची किंवा चिंचेची दुबेळकी फांदी, सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या आणि जुन्या चपलेचा चामडी तुकडा. हवेच्या टायरचे डनलप यांचे पेटंट १८८८ चे. म्हणजे आदिम वाटणारे हे हत्यार सायकलीहून थोरले नाही.

खड्यापेक्षा चिकणमातीची गोळी बरी. ती तळहातावर वळून, सावलीत सुकवून मग निखाऱ्यात भाजतात. खडा वेडावाकडा असला की वाटेत फाकतो. गोल गोळी सरळ जाते. लाव्हा, तितर, होला, कवडा हे तिचे नेहमीचे लक्ष्य. लाव्ह्यांचा थवा करवंदीच्या जाळीतून पायाखालून एकदम फुटतो, तेव्हा नेम धरायला सवडच मिळत नाही. म्हणून पाणवठ्याजवळच्या फांदीवर टेकलेला होला सोपा. गोफणीचे काम निराळे. ती शेतावर उतरलेला थवा उठवते, एकच पक्षी टिपत नाही.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात सुरुवातीला लहान शिकारीला परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. कायद्याच्या व्याख्येत पकडणे, सापळा लावणे, इतकेच नव्हे तर तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच, म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा ठरू शकतो. रानपक्ष्यांची अंडी फोडणेही त्यातच येते. येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तिथे निर्बंध आणखी कडक. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाला.

बेचकी मात्र गेलेली नाही. मे महिन्यात तिच्या समोर असतात त्या कैऱ्या.