विपश्यना शिबिर

विपश्यना (पाली : विपस्सना) या शब्दाचा अर्थ विशेष प्रकारे पाहणे, जे जसे आहे ते तसेच पाहणे. महाराष्ट्रात मात्र ‘तो विपश्यनेला गेलाय’ असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याला आधी आठवतात ते दहा दिवसांचे मौन, जमा केलेला मोबाइल आणि इगतपुरी. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील या दहा दिवसांच्या निवासी शिबिराविषयी ही नोंद आहे.

या परंपरेचा भारतातला इतिहास एका डोकेदुखीपासून सुरू होतो. गोयंका यांचा जन्म 1924 साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. ऐन तारुण्यात त्यांना अर्धशिशीने गाठले. कळ थांबवायला मॉर्फिनची सुई घ्यावी लागे आणि पुढे मॉर्फिनचीच सवय लागेल की काय, ही धास्ती वेगळी. युरोप, अमेरिका, जपान इथले डॉक्टर झाले, गुण आला नाही. अखेर मित्राच्या सांगण्यावरून ते रंगूनला सयाजी (म्हणजे गुरुजी) ऊ बा खिन (1899–1971) यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल. कचेरी सांभाळून ते ध्यानकेंद्र चालवत. डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, असे त्यांनी गोयंकांना सांगितले. मन निर्मळ करण्यासाठी या, दुखणे गेले तर तो आनुषंगिक लाभ. गोयंका काही महिने घुटमळले आणि 1955 मध्ये पहिल्या शिबिराला बसले. आज ताण, झोप, राग अशी कारणे घेऊन शिबिराचा अर्ज भरणाऱ्या अनेकांना ही गोष्ट ठाऊक नसते; पण या साधनेचे औषधोपचाराशी नाते काय, याचे उत्तर तिच्यातच आहे.

1969 मध्ये गोयंका भारतात आले. त्यांचे पहिले शिबिर मुंबईतल्या एका धर्मशाळेत झाले. सुरुवातीची काही वर्षे शाळा, धर्मशाळा, मिळेल ती जागा घेऊन शिबिरे भरत. 1976 पासून नाशिक जिल्ह्यात, कसारा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरी येथे ‘धम्मगिरी’ हे केंद्र सुरू झाले. पाली साहित्याच्या संशोधनासाठी 1985 मध्ये तेथेच विपश्यना विशोधन विन्यास स्थापन झाला. मुंबईजवळ गोराई येथे खांबांच्या आधाराविना उभ्या असलेल्या पगोड्याचे 2009 मध्ये उद्घाटन झाले. गोयंका 2013 मध्ये निवर्तले. आजही सूचना आणि प्रवचने त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवली जातात, सहायक आचार्य फक्त शंकांना उत्तरे देतात.

दिवस पहाटे चारच्या घंटेने उगवतो आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात. मधल्या वेळात दहा तासांहून अधिक बैठक असते. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. संध्याकाळी पाचला नव्या साधकाला चहा आणि थोडा फराळ मिळतो, जुन्या, म्हणजे आधी शिबिर केलेल्या, साधकाची बोळवण लिंबूपाण्यावर. बोलणे, खाणाखुणा, वाचन, लेखन बंद. जपाची माळ, गंडा-ताईतसुद्धा बाजूला ठेवायचा. योगासनांनाही तेवढ्या दिवसांपुरती सुट्टी, याचे आपल्याकडच्या लोकांना विशेष नवल वाटते. शिबिराला शुल्क नाही. पूर्ण केलेल्याने पुढच्यांसाठी स्वेच्छेने दान द्यावे, एवढेच. स्वयंपाकघर आणि व्यवस्था पूर्वीचे साधकच ‘धम्मसेवक’ म्हणून सांभाळतात.

पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, म्हणून हा प्राणायाम नव्हे. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत मन फिरवत नेऊन प्रत्येक ठिकाणची संवेदना जाणायची : खाज, ऊब, मुंग्या, कळ. त्यानंतर दिवसातून तीनदा तासभराचे ‘अधिष्ठान’ असते. त्यात हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघा ठणकू लागतो, आणि खरा अभ्यास तिथेच सुरू होतो. दुखणे वेगळे आणि ‘हे कधी संपणार’ ही चिडचिड वेगळी, हे पुस्तकातून सहज कळते. अंगावर येते ते इथे. सुखद संवेदनेला चिकटायचे नाही, दुःखदेला झिडकारायचे नाही. दोन्ही अनित्य आहेत हे पाहत समता राखायची. रागाची ठिणगी आधी शरीरात उमटते आणि शब्द नंतर फुटतात, अशी यामागची धारणा आहे; ती ठिणगी वेळीच ओळखता आली तर रोजच्या भांडणात उपयोग होतो. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याची साधना, होते, मौन सुटते आणि निवासाच्या आवारात एकच कलकलाट उठतो.

तुरुंगांमध्येही ही शिबिरे झाली. जयपूरच्या कारागृहात 1975 मध्ये शिबिर झाले, तर दिल्लीच्या तिहारमध्ये 1994 साली एकाच शिबिरात हजारावर कैदी बसले होते. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना शिबिरासाठी रजेची सोय केली. ‘मित्र’ उपक्रमातून शाळांमध्ये काही मिनिटांचे आनापान आले.

तरीही ही मानसोपचाराची जागा नव्हे, आणि केंद्रांची नियमावलीच तसे बजावते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिर करू नका असा सल्ला दिला जातो. अर्जात आजार आणि चालू औषधे विचारलेली असतात. ती माहिती दडवणारे लोक असतात, आणि ‘आता विपश्यना करतोय’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करणारेही. दोन्ही धोक्याचे आहे. इतक्या दीर्घ एकांतात दबलेल्या आठवणी उसळणे, घाबरे होणे, झोप उडणे असे त्रास काहींना होतात; तेव्हा आचार्यांना लगेच सांगावे आणि गरज पडल्यास डॉक्टर गाठावा. नैराश्याने अंथरूण धरलेल्या माणसाला ‘दहा दिवस जाऊन ये, बरा होशील’ असे म्हणणारे नातेवाईक सद्‌हेतूनेच बोलतात, पण चुकीचे बोलतात.

घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, अशी सूचना असते. बहुतेकांची गाडी अडते ती इथेच.