सावलीची काठी आणि पुठ्ठ्याचा राजगड : घरी शिकणाऱ्या मुलांसाठी आमचे दोन संच

गणित आणि विज्ञानाचे प्रयोग घरात किंवा अंगणात करता येतात, पण इतिहास-भूगोलात वाचण्यापलीकडे हाताने करायचे ते काय, असा प्रश्न मुलांना घरीच शिकवणारे पालक आम्हाला नेहमी विचारतात. आमचे दोन्ही संच या प्रश्नातूनच तयार झाले आहेत. मुलाने आधी मोजावे, कापावे, जोडावे आणि त्यानंतर त्याविषयी वाचावे, हा क्रम आम्ही जाणीवपूर्वक ठेवला आहे. त्यासाठीच माहितीपुस्तिका वेगळ्या पाकिटात बंद करून दिलेली असते. काम पुरे होईपर्यंत ती उघडू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पहिल्या संचात 1 मीटर उंचीची काठी, तिची बैठक, ओळंबा, मोजपट्टी, आलेखाचा कागद आणि बारीक छिद्र पाडलेली पत्र्याची चकती असते. काठी सपाट जागी सरळ उभी करून दुपारी 12 वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि सावली पुन्हा लांबू लागेपर्यंत थांबावे. सर्वांत आखूड सावली ज्या क्षणी पडते, ती त्या गावाची खरी मध्यान्ह. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे, त्यामुळे 21 मार्चच्या सुमारास पुण्यात ही मध्यान्ह घड्याळातल्या सुमारे 12.40 वाजता होते. हे मुलाला आधी सांगू नये, खुणांवरून त्याचे त्यालाच कळू द्यावे.

काठीच्या सावलीचे टोक नेहमी पुसट असते आणि मोजणी बहुधा तिथेच फसते. चकती काठीच्या माथ्याशी आडवी बसवली की छिद्रातून आलेल्या उन्हाचा सुमारे 1 सेंटिमीटर रुंदीचा गोल ठिपका जमिनीवर पडतो. अंतर या ठिपक्याच्या मध्यापर्यंत मोजावे, आणि तेही काठीच्या बुडापासून नव्हे, तर छिद्रातून सोडलेल्या ओळंब्याच्या टोकापासून. मग तोच त्रिकोण आलेखाच्या कागदावर प्रमाणात काढून सूर्यकिरणांचा कोन कोनमापकाने मोजता येतो. त्रिकोणमिती येत नसली तरी काही अडत नाही.

या संचाचा खरा आनंद दोन गावांनी एकाच दिवशी मोजणी करण्यात आहे. नागपूर आणि तंजावर ही भोसल्यांची दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, 79 अंश पूर्वेच्या आसपास आहेत. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या दिवशी, 1 मीटर काठीची मध्यान्हीची सावली नागपुरात सुमारे 39 सेंटिमीटर पडते, तर तंजावरात सुमारे 19. या दोन सावल्यांवरून निघणाऱ्या कोनांत 10 अंशांहून थोडा अधिक फरक पडतो आणि दोन्ही गावांमधले दक्षिणोत्तर अंतर सुमारे 1150 किलोमीटर आहे. एवढ्या अंतराला एवढे अंश, तर 360 अंशांना किती, हे त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा परीघ 40,000 किलोमीटरच्या आसपास येतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि सायीन या दोन गावांवरून हेच गणित केले होते. नागपुरातली मोजणी 1 सेंटिमीटरने चुकली, तर कोन सुमारे अर्ध्या अंशाने आणि परीघ जवळपास 2000 किलोमीटरने चुकतो. म्हणून मोजणी दोन-तीन दिवस करून सरासरी घ्यावी. दोन्हीकडे आकाश मोकळे असण्याची शक्यता जानेवारी ते मार्च या काळात अधिक असते.

इतके झाल्यावर पाकीट उघडावे. त्यात विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याची हकीकत आहे. त्याने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली जमिनीवरची सरळ रेषा, मोजून पृथ्वीच्या वक्रतेचे मोजमाप सुरू केले. 1808 मध्ये त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट (कोन मोजण्याचे दुर्बिणीचे यंत्र) तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवताना आदळला आणि त्याने तो स्वतः दुरुस्त केला. त्या वेळी तिथे सरफोजी राजे गादीवर होते आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा 1803 सालचा मराठी शिलालेख आहे. उत्तरेकडे सरकत आलेला लॅम्ब्टन 1823 मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. ज्या मुलाने स्वतः सेंटिमीटरसाठी धडपड केली आहे, त्याला ही हकीकत निराळीच भिडते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरा संच राजगडाचा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशांवर समोच्च रेषांमधले, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधले, उंचीचे अंतर सहसा 20 मीटर असते. आम्ही त्या रेषा 1:10,000 प्रमाणात मोठ्या करून देतो, म्हणजे 20 मीटर उंची बरोबर 2 मिलिमीटरच्या पुठ्ठ्याइतकी भरते. थरावर थर चिकटवत गेले की तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला खऱ्या प्रमाणात उभे राहतात. दिवाळीतल्या किल्ल्यापेक्षा हा गड बसका दिसेल, पण डोंगराचा खरा उतार तोच आहे. मग बालेकिल्ल्यावर टाचणी रोवून पायथ्याच्या वाटेपर्यंत दोरा ताणावा. दोरा मधल्या थराला अडला, तर ती वाट वरून दिसत नाही. रायगडापूर्वीच्या या राजधानीत पहारे कुठे असावेत, याचा विचार मुले त्यानंतर आपणहून करू लागतात.

दोन्ही संच साधारण 9 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहेत. पुठ्ठा कापताना पाते मोठ्यांनीच हाताळावे आणि सूर्याकडे कोणीही थेट पाहू नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी देणाऱ्या मुलांसाठी हे संच पूरक आहेत, ते अभ्यासक्रमाची जागा घेत नाहीत. दुसऱ्या गावी मोजणी करणारे नातेवाईक किंवा स्नेही नसतील, तर नोंदणी करताना तसे कळवावे. आम्ही दुसरे कुटुंब जोडून देण्याचा प्रयत्न करतो आणि ते न जमल्यास त्या दिवसाची तंजावरची सावली गणिताने काढून पाठवतो. ती प्रत्यक्ष मोजलेली नाही, हे पत्रकावर स्पष्ट लिहिलेले असते.